सेकंड हँड गाडी: चकाचक युनिकॉर्न घेऊ का धूळ खात पडलेली शाईन? (सोलापूर)

शिफ्टवाला_१३

मंडळी नमस्कार. मी चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, घर अक्कलकोट रोडला, म्हणजे येऊन-जाऊन रोजचं चाळीसेक किलोमीटर पडतं. आत्तापर्यंत दोस्ताच्या गाडीवर मागं बसून जायचो, पेट्रोल अर्धं-अर्धं. गेल्या महिन्यात त्याची शिफ्ट बदलली आणि माझे हाल सुरू झाले. पहाटे रिक्षा मिळत नाही, रात्रीची शिफ्ट सुटली की हायवेला हात करत उभं राहायचं. नवी गाडी घ्यायची तर लाखाच्या घरात जायलीय, आणि बहिणीच्या लग्नाचा हप्ता अजून चालू आहे त्यामुळं दुसरा हप्ता डोक्यावर नको. बजेट पन्नास हजार, लई ओढलं तर पंचावन्न.

तीन आठवडे झाले रोज सुटी झाली की गाड्याच बघायलाव. शेवटी दोनवर आलोय, दोन्ही होंडाच्या बाईक.

एक, २०१८ ची युनिकॉर्न १५०, एका ऑटो कन्सल्टंटकडं उभी आहे. दिसायला एकदम नवी, काळी, टायर दोन्ही नवे, सीट कव्हर नवं, चेन स्पॉकेट पण नवं. मीटरला १९ हजार. अठ्ठावन्न म्हणायलाय, चौपन्नला देईल असं वाटतं. "सिंगल हँड आहे, डोळे झाकून घ्या" असं चार वेळा म्हणाला.

दुसरी, २०१७ ची शाईन, जुळे सोलापूरला एका काकांच्या घरी. काका एसटीतनं रिटायर झालेले, वर्कशॉपला होते. गाडी जिन्याखाली चादर टाकून ठेवलेली, सोलापुरी चादरच, चांगली जाड. वर बोटभर धूळ. मीटरला २८ हजार. पुढच्या मडगार्डला एक चरा आहे, तो काकांनी मी विचारायच्या आधीच दाखवला. बेचाळीस सांगितले. पण गाडी त्यांच्या पोराच्या नावावर आहे, पोरगा पुण्याला असतो, आणि गाडी बऱ्याच दिवसांपासनं चालू नाही असं म्हणाले.

मला गाडीतलं चालवण्यापलीकडं काही कळत नाही. घरचे म्हणायलेत दिसायला चांगली ती घे, धुळीतली काय आणतोस. तुमचं काय मत? जाताना बघायचं काय ते पण सांगा.

---

बारातेराचा_पाना

का बे, चार वेळा "डोळे झाकून घ्या" म्हणाला तिथंच डोळे उघडायला पायजे होते की.

मी गॅरेजवाला नाय, पण भावाचं गॅरेज हाय आणि लहानपणापासनं तिथंच बसून वाढलोय, त्यामुळं थोडं सांगू शकतो. पहिलं युनिकॉर्नचं. २०१८ ची गाडी, मीटर १९ हजार, आणि टायर दोन्ही नवे, चेन स्पॉकेट नवं? कंपनीचे टायर नीट चालवले तर पंचवीस-तीस हजार सहज जातात. १९ हजारात दोन्ही टायर अन् चेन स्पॉकेट सगळंच कसं संपलं? एक तर विकायला काढली म्हणून नवं टाकलंय, किंवा मीटर खोटं बोलायलंय. मीटर मागं घेणं, नाहीतर केबल काढून फिरवणं, हे काय अवघड काम नाय. म्हणून मीटर बघायचं नाही, जिथं पाय आणि हात लागतात ते बघायचं. गिअरच्या लिव्हरचं रबर, ब्रेक पॅडलवरच्या रेघा, फूटरेस्टचं रबर, हँडलची ग्रिप. सीट कव्हर चारशे रुपयात बदलतं, पण ब्रेक पॅडल बदलायचं कुणाला सुचत नाय. पॅडलवरच्या रेघा गुळगुळीत झाल्या असतील तर ती गाडी १९ हजाराची नाय, साठ-सत्तर पळालेली हाय. पुढच्या डिस्कच्या प्लेटवर कडेला नख फिरव, नख अडकण्याइतका कंगोरा आला असेल तर तेच समज.

आता दोन्ही गाड्यांना लागू असलेलं सांगतो. जायच्या आधी फोन करून सांग, "मी यायच्या आधी गाडी चालू करू नका." गेल्या गेल्या इंजिनला हात लाव. गरम लागलं तर समज की त्यानं तू यायच्या आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे गार असताना काहीतरी त्रास हाय. गार इंजिन स्वतः किक मारून चालू कर, सेल्फ नंतर. मागं एकाला सायलेन्सरकडं उभं कर. सुरुवातीला पांढरी वाफ आली तर घाबरू नको, थंडीत येते. निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास आला तर रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलंय, मग बोअर-पिस्टनचा खर्च तुझ्या गळ्यात. इंजिनचे बोल्ट बघ, डोकी खरवडलेली असतील आणि जोडावर सिलिकॉनची पेस्ट बाहेर आलेली असेल तर इंजिन खोललेलं हाय. खोललं म्हणजे वाईटच असं नाय, पण मग त्यानं ते सांगायला पायजे.

डबल स्टँडवर लाव, पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडं फिरव. मधोमध खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलंय. मागचं चाक धरून आडवं हलव, खडखड झाली तर स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश गेलेत. पुढचा शॉकअप दाबून सोड आणि नळीवर बोट फिरव, ऑइलचं कडं दिसलं तर सील लीक. मग गाडीच्या मागं दहा पावलं जाऊन खाली बस आणि एका डोळ्यानं बघ, दोन्ही चाकं एका रेषेत पायजेत. ठोकलेली गाडी रंगात लपते, रेषेत नाय लपत. टाकीचं झाकण काढून मोबाईलच्या बॅटरीनं आत बघ, गंज दिसेल तर तोही हिशोबात धर.

आणि ओलं फडकं घेऊन जा. हँडलच्या मुळाशी चेसिस नंबर मारलेला असतो, तो पुसून आरसी बुकाशी एक-एक अक्षर जुळव. इंजिन नंबर पण.

---

सहज_आलो

घरचे म्हणतात दिसायला चांगली ती घे 😂 गाडी बघायला गेलाय का पोरगी

---

होटगीरोडकर_ताई

वरच्या दादांनी गाडीचं सांगितलं, मी कागदाचं सांगते कारण आमच्या घरात तो वनवास भोगून झालाय.

माझ्या भावानं त्याची जुनी गाडी विकली. घेणाऱ्यानं पैसे दिले, भावानं टीटी म्हणजे ट्रान्सफरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या, "नावावर मी करून घेतो" म्हणाला तो माणूस. नाही केली. पुढं ती गाडी आणखी दोघांच्या हातातनं गेली आणि दीड वर्षानं भावाला अपघाताच्या दाव्याची नोटीस आली. गाडी कोण चालवत होता, कुठं होता, काहीच माहीत नाही, पण आरटीओत नाव भावाचं. वकिलानं सांगितलं की सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, मधे कितीही हात बदलले तरी. तारखांना जाऊन जाऊन आईची तब्येत बिघडली हो. आता तुम्ही घेणारे आहात म्हणून हा त्रास विकणाऱ्याचा असं समजू नका, गाडी नावावर नसेल तर उद्या चोरी झाली किंवा विम्याचं काही काम पडलं की तुम्ही कुठंच उभे राहू शकत नाही.

तेव्हा आधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर दोन्ही गाड्यांचे नंबर टाका. विमा कधी संपलाय, पीयूसी, कर्ज चढवलेलं आहे का, आणि मालक कितवा आहे तेही दिसतं. "सिंगल हँड" खरं का खोटं ते तिथंच कळेल. दंडाची पावती बाकी आहे का तेही बघा, ई-चलन भरल्याशिवाय पुढची कामं अडतात. कर्ज दिसत असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ लागतो. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुचाकीची ट्रान्सफर फी १५० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २०० असे किरकोळ पैसे आहेत, त्यामुळं कुणी "नावावर करायचे पाच हजार" म्हणाला तर ते त्याच्या खिशाचे आहेत.

काकांच्या गाडीचं, पोराच्या नावावर आहे ना, मग पोराशी स्वतः बोला. बापानं विकली आणि पोराला पत्ताच नाही असं पण होतं.

---

पुण्यात_अडकलेला_सोलापूरकर

माझं ऐक, पुण्यातनं घे. इथं आयटीवाले गाड्या घेतात आणि पार्किंगला उभ्या करून कंपनीच्या बसनं जातात. चॉइस लई मिळेल आणि एमएच १२ चा नंबर आपल्याकडं चालतो, राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही.

फक्त विजापूरकडची केए २८ ची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नको. माझ्या चुलत्यानं उचलली होती. तिकडची एनओसी, इकडं परत टॅक्स, नवा नंबर, सगळं करेपर्यंत जे वाचलं होतं ते गेलं आणि वर सहा महिने हायवेला प्रत्येक नाक्यावर गाडी बाजूला.

---

बारातेराचा_पाना

पुण्यातनं आणायची तर बघायला जायची दोन सुट्ट्या, एसटीचं भाडं, आणि खराब निघाली तर कुणाच्या दारात उभा राहणार? गावातली गाडी घे बे. ती कुठल्या गॅरेजला जायची तिथं जाऊन चहा पिता पिता विचारता येतं.

---

शिफ्टवाला_१३

सगळ्यांना लई धन्यवाद. रविवारी दोन्हीकडं जाऊन आलो, सविस्तर लिहितो.

युनिकॉर्नवाल्याला शनिवारी फोन करून सांगितलं होतं की गाडी गार ठेवा. सकाळी दहाला गेलो, इंजिनला हात लावला, चांगलं कोमट. म्हणाला उन्हात होती. डिसेंबरात, सकाळी दहाला, शेडमधी. ब्रेक पॅडल बघितलं तर पान्यानं लिहिलं होतं तसंच, मधला भाग आरशासारखा गुळगुळीत. डिस्कवर नख अडकलं. ॲपवर नंबर टाकला तर मालक तिसरा, आणि चलन चार बाकी. त्याला दाखवलं तर म्हणाला, "ॲपमधी चुकीचं दाखवतं ओ कधीकधी." मी पाणी पिऊन निघालो.

मग जुळे सोलापूर. काकांनी गाडी जिन्याखालनं बाहेर काढून पुसून ठेवली होती. त्यांनी आधी मला खाली बसवलं, चहा दिला, आणि एक वही काढली. शंभर पानी, शाळेची. पहिल्या पानापासनं पेट्रोल किती टाकलं, मीटर किती होतं, ऑइल कधी बदललं, चेन कधी साफ केली, सगळं तारखेसकट. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, मीटर २८,११४. मी जाऊन मीटर बघितलं, २८,११६. म्हटलं काका हे दोन किलोमीटर? म्हणाले पंपावरनं घरी.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासनं गाडी बंद. पोराशी फोनवर बोलून दिलं, त्याचं आधार आणि सही द्यायला तो तयार आहे, पण आरटीओला जोडलेला मोबाईल नंबर जुना आहे, तो बंद झालाय, त्यामुळं ओटीपी येत नाही. कर्ज होतं ते २०१९ ला फिटलंय पण ॲपवर अजून बँकेचं नाव दिसतंय. विमा संपलाय. आणि गाडी काही चालू झाली नाही. काकांनी चार किका मारल्या, मी दहा मारल्या, घाम आला नुसता.

आता सांगा, बंद पडलेली गाडी घेऊ का? मन शाईनकडंच ओढायलंय पण भीती वाटते.

---

बारातेराचा_पाना

वही ठेवणारा माणूस हजारात एक भेटतो बे. पण वहीवर भाळू नको, कमी पळालेली गाडी आणि उभी राहिलेली गाडी यात फरक हाय. उभ्या गाडीचे आजार वेगळे.

दोन वर्षांचं पेट्रोल टाकीत असेल तर ते आता पेट्रोल राहिलेलं नाय, वास घेऊन बघ, वार्निशसारखा येईल. ही बीएस फोरची, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमाची गाडी, म्हणजे कार्बोरेटरवाली, शाईनला इंजेक्शन बीएस सिक्सपासनं आलं. कार्बोरेटरच्या बाउलमधी पेट्रोल सुकून जेटच्या बारीक भोकात चिकटतं, मग किती किका मार, पेट्रोल जातच नाय. हे काय मोठं दुखणं नाय, कार्बोरेटर काढून साफ केला, टाकी रिकामी करून धुतली, की झालं. पण आधी प्लग काढून भोकात चार थेंब ऑइल सोडायला सांग आणि किक हातानं सावकाश दाब. आत जाम नसेल तर फिरेल. तुम्ही चौदा किका मारल्या आणि किक खाली गेली म्हणजे इंजिन जाम नाय, हे चांगलं लक्षण.

टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३४१७ असेल तर २०१७ चा चौतिसावा आठवडा. टायरवरच्या गोट्या कितीही दिसूंदे, सोलापूरच्या उन्हाळ्यात एवढं जुनं रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा असतील. पावसात ब्रेक मारला की घसरतं. टायर दोन्ही बदलायचे, बॅटरी नवी, ऑइल, ब्रेक शू, एअर फिल्टर. चेन जिन्याखाली होती म्हणून गंज कमी असेल, घासलेट आणि ब्रशनं साफ करून बघ, स्पॉकेटचे दात हुकासारखे वाकलेले नसतील तर चालू दे.

सगळं धरून आठ-नऊ हजार पकड. ते बेचाळीसमधनं कमी करून माग, काकांना हिशोब कागदावर दाखव, वर्कशॉपचा माणूस हाय, त्यांना कळेल. गाडी चालू झाल्याशिवाय मात्र पूर्ण पैसे देऊ नको.

---

होटगीरोडकर_ताई

मोबाईल नंबर परिवहनच्या साइटवर बदलता येतो, चेसिस-इंजिन नंबर टाकून. नाही झाला तर पोराला एकदा आरटीओत यावं लागेल. बँकेची एनओसी जुनी असेल तर नवीन तारखेची काढायला सांगा, जुनी पुढं चालत नाही असा आमचा अनुभव. आणि टोकन देताना साध्या कागदावर लिहून घ्या, तारीख आणि वेळ टाकून. वेळ यासाठी की त्या वेळेच्या आधीचं चलन त्यांचं आणि नंतरचं तुमचं.

विमा आधी, मगच गाडी रस्त्यावर. तुमच्या सीसीला थर्ड पार्टी वर्षाला ७१४ आणि वर जीएसटी, त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. गाडी २०१९ च्या एप्रिलच्या आधीची म्हणजे नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट पण लावावी लागेल, दुचाकीचे जीएसटीसह ५३१. ते काम झालंय का काकांना विचारा.

---

सहज_आलो

काकांची वही गाडीसोबत मिळणार का, मी वहीचे वेगळे पैसे देतो

---

शिफ्टवाला_१३

उशिरा लिहायलाव, माफ करा, मधे नाईट शिफ्ट लागली होती.

गाडी घेतली. शाईन. सदतीस हजाराला.

पान्याच्या भावाच्या गॅरेजचा पत्ता मेसेजमधी मिळाला होता, तिथला पोरगा काकांच्या घरी आला. कार्बोरेटरचा बाउल उघडला तर आत हिरवट-पिवळा चिकट थर, जेट सुईनं न टोचता हवेनं मोकळं केलं. टाकीतलं पेट्रोल काढलं तर काकू ओट्यावरनं ओरडल्या वासानं. नवं दोन लिटर टाकलं, सातव्या किकला गाडी फटफट करून चालू झाली, आधी थोडा धूर आला, मग धूर बंद. आवाज इतका बारीक होता की काका कान लावून उभे होते, टॅपेट (व्हॉल्व्हचं सेटिंग) थोडं टाईट आहे म्हणाले. तो पोरगा म्हणाला बरोबर आहे. टायर कोड दोन्हीचे २०१७ चेच निघाले, म्हणजे २८ हजार खरेच. ते बदलले. बॅटरी, ऑइल, ब्रेक शू सगळं मिळून ८,६०० गेले.

कागदाला महिना गेला. पाच हजार टोकन देऊन बाकीचे थांबवले होते, काकांनीच सांगितलं नावावर झाल्यावर दे. पोराचा मोबाईल नंबर ऑनलाइन काही बदलला नाही, शेवटी तो गड्ड्याच्या यात्रेला आला तेव्हा सुटी टाकून माझ्याबरोबर आरटीओत आला. बँकेची एनओसी त्यानं पुण्याच्या शाखेतनं नवी काढून आणली होती. एचपी, म्हणजे बँकेचं नाव, उतरवायचं आणि ट्रान्सफरचं एकदमच टाकलं. परवा ॲपवर माझं नाव दिसलं, मी स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला, आई म्हणाली रंग कुठला आहे.

एक गंमत सांगायची राहिली. गाडी घ्यायला गेलो, काकांनी दोन्ही चाव्या आणि कागद दिले, आणि मी स्टार्ट मारून निघालो. आसरा पुलावर चढलो आणि मधोमध गाडी बंद. मागनं हॉर्न. किक मारून मारून दमलो, मनात म्हटलं गेले पैसे. ढकलत कडेला घेतली आणि काकांना फोन लावला. ते म्हणाले, "पेट्रोलचा कॉक ऑफ आहे बघ. मी गाडी लावली की बंद करतो, नळीत होतं तेवढ्यावर तू पुलापर्यंत गेलास." मी आडवं होऊन बघितलं, खरंच ऑफ. मला कॉक असतो हेच माहीत नव्हतं.

---

बारातेराचा_पाना

😂😂 रिझर्व्ह कुठल्या बाजूला हाय ते पण बघून ठेव, नाहीतर पुढच्या वेळी बाळ्याच्या पुढं बंद पडशील. आणि टॅपेट हजार किलोमीटरला परत चेक करून घे.

---

शिफ्टवाला_१३

बघितलं. @सहज_आलो वही काकांनी दिली नाही. नवी घेऊन दिली, पहिल्या पानावर त्यांनीच मीटर लिहिलंय, २८,१३९.